टिटवीची अंडी नांगरटीत, आणि मी डोहावर: फोटो काढू की तिथून उठू?

करंजसावली

नमस्कार. गेले अठरा दिवस मी आमच्या शेताला लागून असलेल्या ओढ्यावर सकाळ-दुपार बसते आहे. चैत्र सरत आलाय. ओढा सगळा आटला, करंजाखालचा एक डोह तेवढा उरलाय. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा, गुडघाभर पाण्याचा. माळावर दुसरीकडे कुठे पाणी नाही, त्यामुळे ज्याला तहान लागते तो इथेच येतो.

कोण कधी येतं याचा आता मला जवळजवळ अंदाज आलाय. उजाडता उजाडता मुंगसांची जोडी. मग होले आणि बुलबुल. उन्हं चांगली वर आली की पखुर्ड्या येतात, माळावरचे कबुतरासारखे पक्षी, आठ-दहाच्या थव्याने. त्या थेट पाण्यावर कधीच उतरत नाहीत. आधी लांब मुरमावर बसतात, तिथे बराच वेळ नुसत्या बघत राहतात, मग चालत येऊन पाच-सहा घोट घेतात आणि भुर्रकन उडतात. पहिल्या तीन दिवसांत मला त्यांचा एकही फोटो मिळाला नाही, मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत त्या गेलेल्या असायच्या. दुपारी एक शिक्रा येतो, पाण्यात पाय बुडवून दहा-पंधरा मिनिटं तसाच उभा राहतो. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

कॅमेरा जुना आहे, लेन्स ७०-३०० मिमीची. कोणाकडे शिकलेली नाही. मी डोहाच्या अलीकडच्या काठावर, एका सपाट दगडावर बसते. अंगावर मातकट रंगाची जुनी चादर घेते.

आता अडचणी सांगते.

पहिली, टिटवी. सहा दिवसांपूर्वी नांगरटीत ढेकळांमध्ये तिची चार अंडी दिसली. अंड्यांची निमुळती टोकं आत, मध्यभागी वळलेली, खाली चार खडे आणि शेळीच्या लेंड्या. ढेकळांच्या रंगात इतकी मिसळलेली की माझा पाय पडता पडता राहिला. ती जागा डोहापासून माझ्या पावलांनी चाळीसेक पावलांवर आहे. दुपारी बारानंतर टिटवी डोहावर येते, पोट बुडेपर्यंत पाण्यात उतरते, दोन-तीनदा अंग हलवते आणि सरळ नांगरटीकडे उडते. मी समजत होते अंघोळ करते आहे. पण मी दगडावर बसलेली असले की ती पाण्यात उतरत नाही, पलीकडच्या काठावर येऊन ओरडते आणि परत जाते. काल पाऊण तासात चार वेळा असं झालं. मला अंड्यांचा आणि तिच्या बसण्याचा फोटो हवा आहे. किती जवळ जाऊ?

दुसरी, वडील पुढच्या आठवड्यात त्याच वावरात कुळवणी करणार आहेत. अंडी उचलून बांधावर ठेवली तर चालेल का?

तिसरी, ओढ्याच्या दरडीत वेड्या राघूंची बिळं आहेत. मी अगदी बिळासमोर बसले तर ते चोचीत चतुर धरून फांदीवर अर्धा अर्धा तास बसून राहतात, आत जात नाहीत. चोचीतल्या चतुराचे फोटो फार सुंदर आलेत. पण मला ते बघताना आनंद वाटत नाहीये, काहीतरी चुकतंय असं वाटतं.

चौथी, दहानंतरचे माझे सगळे फोटो पाण्यातून काढल्यासारखे हलके थरथरलेले दिसतात. शटरचा वेग वाढवून पाहिला, फरक पडला नाही.

बांधावरचा

ताई, आधी त्या दगडावरून उठा, मग पुढचं वाचा.

टिटवी अंघोळ करत नाहीये. ती पाणी नेते आहे. पोटाची पिसं भिजवायची, तशीच ओली घेऊन जायचं आणि अंड्यांवर बसायचं. त्या ओलाव्याने अंडी आणि ती स्वतः, दोन्ही थंड राहतात. तुमच्या डोहावर दुपारी बारानंतरच ती येते यातच उत्तर आहे. सकाळी तिला अंड्यांना ऊब द्यायची असते, दुपारी त्यांना शिजण्यापासून वाचवायचं असतं. नांगरलेल्या काळ्या रानावर दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा, मग उघडं अंडं तिथे किती वेळ टिकेल याचा अंदाज येईल. काल पाऊण तासात ती चार वेळा कोरडीच परत गेली, म्हणजे त्या पाऊण तासात अंड्यांना पाणी मिळालं नाही.

हे मी चिडून लिहीत नाहीये. तुम्ही जे नीट पाहिलंत, वेळेसकट, ते कितीतरी वर्षं कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्यांनी पाहिलेलं नसतं. पण तुमचा दगड तिच्या वाटेवर आहे. माझ्याकडूनही हे घडलंय, म्हणून जीव तोडून सांगतोय. पहिली लेन्स आणली त्या वर्षी मी भर दुपारी एका टिटवीच्या अंड्यांवर वाकून फोटो काढले. वीस मिनिटं लागली असतील. फोटो चांगले आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तिथे फक्त खडे होते आणि एक फुटलेलं टरफल. बाभळीवर कावळा बसलेला मी आदल्या दिवशी पाहिला होता, पण तो माझ्याकडे बघतोय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माणूस रानात एका जागी थांबून खाली वाकला की तिथे काहीतरी आहे हे कावळ्याला पुरतं कळतं. कुत्रं तर तुमच्या पावलांच्या वासावर जातं. घरचं कुत्रं मागे येत असेल तर त्याला बांधून ठेवा.

जवळ किती जायचं, हे पावलांत सांगता येत नाही. टिटवीच सांगते, फक्त तिची भाषा उलटी आहे. अंड्यांवर बसलेली टिटवी धोका दिसला की ओरडत नाही. आधी मान खाली घालते, मग उठते आणि काही न बोलता चार-दहा पावलं चालत बाजूला होते. मग लांब जाऊन आरडाओरडा सुरू करते. म्हणजे जिथे ती कोकलते तिथे अंडी नसतात, आणि ती कोकलायला लागली तोवर तुम्ही खूप आधीच जास्त जवळ गेलेले असता. तिने मान खाली घातली की थांबा. उठली तर आल्या वाटेने मागे फिरा. नर-मादी दोघंही आळीपाळीने बसतात, त्यामुळे एक डोहावर असताना दुसरं अंड्यांवर असतं. त्यांची पाळी बदलते तो क्षण लांबून बांधाआडून बघा. एक उठतं, दुसरं हळूच चालत येतं, पायांनी अंडी चाचपतं, पोटाची पिसं फुलवतं आणि बसतं. ३०० च्या लेन्सवर पक्षी फ्रेममध्ये लहान येईल. येऊ द्या. भोवतीची ढेकळं, ते तापलेलं रान, त्यात एवढीशी टिटवी, हाच खरा फोटो आहे. तिचं घर म्हणजे ते सगळं रान.

अंडी उचलू नका. बांधावर तर अजिबात नको. तिला जागा ठाऊक असते, आणि हलवलेल्या अंड्यांवर ती परत बसेल याचा भरवसा नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलेलं आहे. भीती घालायला नाही सांगत, वडिलांशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. त्यापेक्षा त्यांना घेऊन बांधावर उभ्या राहा आणि टिटवी पाणी घेऊन येताना दाखवा. कुळवणीत तेवढा तुकडा सोडायचा, पाच-सहा पावलं लांब-रुंद पुरतो. खूण म्हणून काठी रोवू नका, काठीवर कावळा बसतो. तासाच्या, म्हणजे नांगराच्या चरीच्या, दोन्ही टोकांना, बांधापाशी, एकेक ठळक दगड ठेवा आणि त्या दोन दगडांच्या रेषेत अंडी आहेत हे कुळव धरणाऱ्याला सांगा. बैलांना टिटवी फारशी भीत नाही, ते पुढे सरकले की येऊन बसते. ट्रॅक्टर असेल तर तेवढं काम सकाळी लवकर उरकायला सांगा, दुपारी नको.

अंडी उबायला २८ ते ३० दिवस लागतात. तुम्हाला दिसली तेव्हा चार होती, म्हणजे घालून झाली होती; त्या दिवसापासून साधारण चार आठवडे धरून चाला.

राघूंचं तुम्ही स्वतःच ओळखलंय. यावर पुण्याच्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिळापासून अंतर तेवढंच ठेवून माणूस कधी बीळ दिसेल अशा जागी उभा केला, कधी दिसणार नाही अशा जागी. बीळ दिसणाऱ्या जागी माणूस असला की राघू आत जायला कचरत. माणूस तेवढाच जवळ, पण त्याला बीळ दिसत नसेल, तर ते जास्त बेधडक जात. म्हणजे या माणसाला तिथून काय दिसतं, हे तो एवढासा पक्षी ताडतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हतो.

तेव्हा दरडीच्या बाजूला, बीळ दिसणार नाही अशा जागी बसा. ज्या फांदीवर ते मधमाशी आपटून आपटून नांगी काढतात तिच्यावर नजर ठेवा. तिथले फोटो जास्त चांगले येतात आणि पिल्लं उपाशी राहत नाहीत.

डोहावर बसायचं तर पलीकडच्या अंगाला, करंजाच्या बुंध्याला पाठ लावून. टिटवीची वाट नांगरटीच्या बाजूने आहे, ती मोकळी सोडा. आणि दुपारी बारा ते साडेतीन डोह पूर्ण सोडा. त्या वेळी तो त्यांचा आहे.

झळ आणि लेन्स

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. तुमच्या लेन्सचा दोष नाही आणि हाताचाही नाही. जमीन तापली की तिच्यावरची हवा वेगवेगळ्या तापमानाच्या थरांत हलत राहते, त्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. मृगजळ दिसतं तीच ही हवा. ५०० किंवा ६०० ची लेन्स आणली तर ती थरथर आणखी मोठी दिसेल. शटर वाढवून ती जात नाही, कारण हलतोय तो पक्षी नाही, मधली हवा आहे.

दोनच गोष्टी उपयोगी पडतात. एक, लवकर जाणं. दुसरी, मधे कशावरची हवा आहे ते बघणं. नांगरट, मुरूम, काळा कातळ यांवरून काढलेला फोटो सर्वात आधी बिघडतो. पाण्यावरून, हिरव्या गवतावरून किंवा सावलीतून काढलेला बराच उशिरापर्यंत टिकतो. डोहावर पलीकडून बसलात तर तुमच्या आणि पक्ष्याच्या मधे पाणी आणि करंजाची सावली येईल, तुमच्या लक्षात फरक येईल. तरीही दुपारी काढायचाच असेल तर एकाच दृश्याच्या दहा-पंधरा फ्रेम घ्या. झळ क्षणभर शांत होते, त्यातली एखादी बरी निघते.

पखुर्ड्यांसाठी मात्र शटरचा वेग हवाच, एक हजाराच्या वर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ. त्या मुरमावर बसतात तेव्हाच कॅमेरा डोळ्याला लावून ठेवा आणि मग हलू नका. हात वर नेण्याची हालचालच त्यांना दिसते. त्यांच्या नरांकडे नीट बघा. पिल्लं झाली की तेही पाण्यात पोट टेकवून बसतील. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी भरून लांबच्या माळावर पिल्लांना नेतो, पिल्लं ती पिसं चोचीत धरून पाणी पितात. तुमच्या एका डोहावर दोन पक्षी पोटाच्या पिसांतून पाणी नेणारे, एक अंड्यांसाठी आणि एक पिल्लांसाठी. असा पाणवठा माझ्या वाट्याला आला असता तर मी गाव सोडलं नसतं.

मुरूममाळ

दुपारी डोह सोडायचा तर त्या फोटोंची भर कुठे काढायची, हा प्रश्न पडेल म्हणून लिहितो. माळावर जा, पण दुपारी नाही, साधारण आठ ते साडेदहा. सरडे बघा.

उन्हाळ्याच्या या दिवसांत गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांचे नर दगडावर चढून तो पंखा उघडमीट करतात. निळा, काळा, नारिंगी असे रंग एकत्र, एवढ्याशा मातकट जिवाच्या गळ्याखाली. पावसाळ्याआधीच त्यांचा जोडीचा हंगाम असतो, मग तो रंग ओसरतो. आपल्याकडच्या अशा मोठ्या पंख्याच्या सरड्यांना शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये वेगळ्या वंशात घातलं आणि त्या वंशाचं शास्त्रीय नाव चक्क 'सरडा' ठेवलं, आपलाच मराठी शब्द. त्यातली एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून वर्णन केली गेली. मला त्याचा फार अभिमान वाटतो. लहानपणी आम्ही पोरं ज्याला दगड मारायचो त्याचं नाव आज जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहे.

याला मोठी लेन्स लागत नाही, पोटावर झोपायची तयारी लागते. नर आपल्या हद्दीतला उंच दगड निवडतो आणि दिवसभर फिरून फिरून त्याच दगडावर येतो. तेव्हा त्याच्या मागे धावू नका. तो निघून गेला की त्या दगडासमोर कोपरांवर सरकत या, लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, दगडावर फोकस धरा आणि पडून राहा. तो येतो. पंखा डोळ्याची पापणी लवेपर्यंत मिटतो, म्हणून शटर सोळाशेच्या आसपास ठेवा. ऊन पंख्याच्या मागून येत असेल तर तो दिव्यासारखा उजळतो, असा फोटो मिळाला की मग तुम्ही पक्ष्यांकडे काही दिवस बघणार नाही.

एक काळजी मनापासून सांगतो. झोपण्याआधी आजूबाजूचे दगड काठीने हलवून बघा. फुरसं असल्याच माळावर, असल्याच दगडाखाली असतं, आणि मुरमात ते डोळ्यांना दिसत नाही. एकटं जाताना घरी जागा सांगून जा.

चिखलवाचन

माझ्याकडे कॅमेरा नाही, वही आहे. पण ताईंच्या डोहाबद्दल वाचून राहवलं नाही.

ताई, तुम्ही उजाडल्यापासून पुढचं सांगितलंत. रात्री कोण येतं? संध्याकाळी निघताना डोहाच्या काठचा ओला चिखल हाताने किंवा पाल्याने सारखा करून जा, हातभर रुंद पट्टा पुरे. सकाळी त्यावर रात्रीची सगळी हजेरी लागलेली असते. मी आमच्या बंधाऱ्यावर चार उन्हाळे हेच करते आहे.

नखं उमटली नसतील आणि ठसा गोलसर असेल तर मांजराच्या कुळातलं कोणी, बहुतेक रानमांजर. नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा, खोकड यांपैकी. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यापेक्षा अरुंद, आणि नीट उमटला असेल तर मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. खोकडाचा त्याहून लहान. तरस असेल तर पुढचा पाय मागच्यापेक्षा चांगला मोठा असतो, एकदा पाहिलं की विसरत नाही. साळिंदर येत असेल तर ठशांच्या मागे काट्यांच्या बारीक फरपटलेल्या रेघा असतात. ठशाशेजारी नाणं किंवा काडीपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. ऊन तिरकं असतानाच काढा, ऊन डोक्यावर आलं की ठसा सपाट दिसतो.

मोठा, नखं नसलेला, तळहाताएवढा ठसा दिसला तर अंधार पडू लागल्यावर आणि पुरतं उजाडण्याआधी तिथे बसायचं नाही. आणि आग्या माश्या पाण्यावर येत असतील तर अत्तर, सुगंधी तेल लावून जाऊ नका.

करंजसावली

तेव्हा वाचलं आणि त्याच दुपारी दगड सोडला. आज चोवीस दिवसांनी लिहिते आहे, कारण त्याआधी सांगण्यासारखं पुरतं झालं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी बांधाआड, निंबाच्या सावलीत बसून नुसतं घड्याळ बघत होते. कॅमेरा पिशवीतच होता. बारा ते दोन या दोन तासांत टिटव्या डोहावर नऊ वेळा आल्या. आधीच्या दिवसांत मी बसलेली असताना त्यांच्या किती फेऱ्या वाया गेल्या असतील, हा हिशोब मी मनात केला आणि खूप रडू आलं. चुलतभावाने विचारलं काय झालं, तर त्याला सांगता येईना.

वडिलांना तिसऱ्या दिवशी बांधावर घेऊन आले. ते म्हणाले, टिटवी ओरडते ती पाहुणा आला म्हणून, एवढंच आजवर ऐकत आलो. मग एक पक्षी पाण्यातून निथळत आला, दुसरा उठला, आणि आलेला अंड्यांवर बसला. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर स्वतःच दोन दगड उचलून बांधावर ठेवले. कुळवणीच्या दिवशी त्यांनी सांगितल्याहून मोठा तुकडा सोडला, आणि बैल त्या रेषेजवळ आले की ते कुळव उचलून धरायचे. शेजारच्या वावरवाल्यांनी विचारलं, तेव्हा वडिलांनी त्यांना पाणी नेण्याची सगळी गोष्ट सांगितली, मी सांगितली असती त्याहून चांगली.

राघूंसाठी दरडीच्या बगलेला बसते. बीळ दिसत नाही. ते माझ्या डोक्यावरून जातात, फांदीवर माशी आपटतात आणि नाहीसे होतात. अर्धा तास थांबणं बंद झालं. आता मिनिटभरही थांबत नाहीत. फांदीवरचे फोटो चांगले आलेत, एकात उडालेली नांगी वेगळी दिसते आहे असं मला वाटतं, मोठं करून बघायचं आहे.

चिखलात तिसऱ्या रात्री साळिंदर आलं. काट्यांच्या रेघा अगदी सांगितल्या तशा, वाळूत झाडू ओढल्यासारख्या. मांजराच्या कुळातलं कोणी रोज येतं, नेहमी दक्षिणेकडून, आणि पाणी पिऊन त्याच वाटेने परत. मोठा ठसा एकदाही नाही. सरडे अजून मिळाले नाहीत, तीन सकाळी पोटावर पडून होते, मादीच दिसली.

काल, म्हणजे मला अंडी दिसल्यापासून एकोणतिसाव्या दिवशी, दुपारी टिटवी डोहावर आलीच नाही. माझ्या छातीत धस्स झालं. बांधापर्यंत गेले तर दोघंही जमिनीवर, सोडलेल्या तुकड्याच्या कडेला, आणि ओरडत नव्हती. दुर्बिणीतून बराच वेळ मला ढेकळंच दिसत होती. मग एक ढेकूळ हललं. त्याला लांब पाय होते. एक, मग दुसरं, मग तिसरं. आईने काहीतरी आवाज केला आणि तिन्ही पिल्लं जागच्या जागी मातीला चिकटली आणि पुन्हा ढेकळं झाली. माझ्या नजरेसमोर असूनही मला ती परत सापडेनात.

चौथं अंडं तिथेच आहे. आज सकाळीही होतं. जवळ गेलेले नाही.

फोटो एकच काढला, बांधावरून. त्यात काळं रान आहे, दूर करंज, मधे सोडलेला तपकिरी तुकडा, त्याच्या कडेला दोन टिटव्या. पिल्लं फ्रेममध्ये आहेत, पण कुठे ते मलाही दाखवता येणार नाही. पोटाची पिसं ओली आहेत, अंड्यांवर बसता बसता, असा फोटो मला शेवटपर्यंत मिळाला नाही. पुढच्या उन्हाळ्यासाठी बांधाआड, पाण्यावरून हवा जाईल अशी एक जागा शोधून ठेवली आहे.

आज दुपारी पलीकडच्या काठावर, करंजाला टेकून बसले होते. साडेतीन वाजून गेले होते. टिटवी तीन पिल्लांना चालवत डोहापर्यंत घेऊन आली. पिल्लांनी पाण्यात पाय घातले. मी कॅमेरा डोळ्याला लावला नाही, कारण हात वर गेला असता.

बांधावरचा दादा, एक विचारायचं राहिलं. चौथ्या अंड्याचं काय करायचं?

बांधावरचा

काही करायचं नाही, ताई. राहू दे. आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा.